पूरपट्ट्यातल्या एका घराचा औषधांचा डबा

शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकमेकींना मिळतात, आणि पावसाळ्यात दोघींना एकदमच पाणी आलं की मधली गावं बेटं होतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, ट्रकांच्या रांगा लागल्या आणि त्या ट्रकांत औषधांचे बॉक्सही होते. माझं तालुक्यात मेडिकल आहे. त्या आठवड्यात दुकान कोरडं होतं, पण रॅकमधले खण रोज रिकामे होत गेले, आणि भरायला माल येत नव्हता.

त्याच दिवसांत शाळांमधल्या निवारा केंद्रांवर आम्ही दुकानदार आणि डॉक्टर मंडळी जात होतो. जखमा, ताप, जुलाब यांची तयारी करून गेलो होतो. तसे रुग्ण होतेच. पण टेबलापुढे रांग लागली ती वेगळ्याच माणसांची. "बीपीची गोळी ऱ्हायली घरात." "कुठली?" "बारकी पांढरी हाय बघा, सकाळी एक घेती मी." बारकी पांढरी गोळी अ‍ॅम्लोडिपिनची असते, अ‍ॅटेनोलॉलची असते, थायरॉईडचीही असते. डॉक्टर बीपी मोजून अंदाजाने काहीतरी सुरू करायचे. आपत्तीसाठी औषधं भरून ठेवायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कापूस, पट्टी आणि लाल औषध येतं. माझं म्हणणं असं की आपत्तीत सगळ्यात आधी संपतं ते रोजचं औषध, आणि ते संपल्याचा त्रास कापलेल्या बोटापेक्षा कितीतरी मोठा असतो. डबा भरायचा तर सुरुवात तिथून.

हे प्रकरण अशाच एका घराचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात माणसं पाच. सत्तरीच्या आजी, त्यांना दोन वेळचं इन्सुलिन आणि बीपीची गोळी. आबा, हृदयात स्टेंट टाकलेला, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू. मुलगा ऊस आणि चार म्हशी बघतो. सूनबाई बारावी शिकलेल्या, हिशेबाला पक्क्या. आणि तीन वर्षांची नात, वजन बारा किलो. 2019 मध्ये हे कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलं होतं आणि आजींच्या बीपीच्या गोळ्यांचा चार-पाच दिवस खंड पडला होता. 2024 च्या मे महिन्यात सूनबाई घरातला औषधांचा डबा घेऊन दुकानात आल्या. "दादा, ह्यातलं काय ठेवू आणि काय टाकू, एवढं सांगा."

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, झाकणाच्या कडेला गंजलेला. आत सगळ्यात वर गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या. हा आमच्याच धंद्याचा प्रसाद. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, आम्ही कात्री लावतो, आणि नाव एका तुकड्यावर तर मुदत दुसऱ्या तुकड्यावर जाते. घरी पोचतो तो नुसता चंदेरी तुकडा. असे नऊ-दहा तुकडे निघाले, त्यातल्या निम्म्यांवर काहीच वाचता येत नव्हतं. ते सरळ बाजूला काढले. ओळख नसलेली गोळी औषध म्हणून ठेवायची नाही, मग ती कितीही महागातली असो. मी तेव्हाच त्यांना सांगितलं की इथून पुढे चार गोळ्या घेतल्या तरी मुदत छापलेल्या बाजूच्या मागून घ्या, आणि दुकानदाराने कुरकुर केली तरी ऐकू नका.

खाली नातीच्या अँटिबायोटिकची बाटली. पावडरमध्ये पाणी घालून केलेलं ते औषध आठवडाभरात संपवायचं किंवा फेकायचं असतं. ही बाटली दिवाळीतली होती. उघडून सहा महिने झालेले डोळ्यांचे थेंब. खोकल्याची दोन सिरप. त्या दोन्ही मी ठेवू दिल्या नाहीत. पुढे 2025 मध्ये छिंदवाड्यात भेसळीच्या कफ सिरपने लहान मुलं दगावली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते, आणि केंद्र सरकारने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका, पाच वर्षांखाली सहसा टाळा, असं कळवलं. पण भेसळ नसती तरी लहान मुलाच्या साध्या खोकल्याला त्या बाटलीचा फार उपयोग नसतो.

सगळ्यात तळाशी म्हशींची औषधं. मोठमोठ्या गोळ्या, एक इंजेक्शनची बाटली, आणि तिच्यासोबत वापरलेली सिरिंज. जनावरांचं औषध माणसांच्या डब्यात का, तर "मुलीचा हात पोचत नाही अशी ती एकच जागा आहे." कारण समजण्यासारखं होतं, जागा चुकीची होती. रात्री लाईट गेल्यावर टॉर्चच्या उजेडात कुणाच्या हाताला काय लागेल याचा भरवसा नाही. गोठ्याचा डबा वेगळा, घराचा वेगळा, आणि फवारणीच्या औषधाचं मापाचं झाकण या दोन्हींच्या आसपास नको.

एक गोष्ट मात्र मी वेगळी काढून टेबलावर ठेवली. पॅरासिटामॉलच्या लहान मुलांच्या दोन बाटल्या. एक थेंबांची, तान्ही असतानाची. दुसरी सिरप. सूनबाईंना वाटत होतं, थेंब म्हणजे लहान बाळाचं, म्हणून हलकं. असतं उलटं. थेंबांच्या बाटलीत एका मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. 250 च्या सिरपमध्ये पाच मिलीत 250, म्हणजे मिलीला 50. आणि 125 च्या सिरपमध्ये मिलीला फक्त 25. बारा किलोच्या मुलीला एका वेळी जास्तीत जास्त 180 मिलिग्रॅम लागतं. ते थेंबांतून 1.8 मिली, 250 च्या सिरपमधून 3.6 मिली आणि 125 च्या सिरपमधून 7.2 मिली होतं. तिन्ही बाटल्यांवर नाव तेच, चव गोडच, आणि घरातला चमचा मात्र एकच. आपण ठरवलं, घरात एकच बाटली राहील, 250 ची, आणि तिच्यासोबतचं मापच वापरायचं. सूनबाईंनी बाटलीवर स्केचपेनने लिहिलं, "3.5 मिली, दोन डोसांत सहा तास, वजन वाढलं की बदल." एवढं लिहिणं एका अख्ख्या प्रथमोपचार पुस्तिकेच्या मोलाचं आहे.

मोठ्यांच्या अंगदुखीच्या गोळ्यांतही छाटणी केली. घरात पॅरासिटामॉल 500 राहिली. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक काढल्या. पुरानंतर तापाचं कारण डेंग्यू आहे की लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, हे पहिल्या दिवशी कळत नाही, आणि दोन्हींत या गोळ्या त्रास वाढवू शकतात. आबांच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांसोबत तर त्या पोटात रक्तस्रावाला निमंत्रणच. निमेसुलाइडची अर्धी पट्टी निघाली, ती बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला 2011 पासून बंदी आहे. नातीला कधी दिली होती का, हे मी विचारलं नाही.

मग मुख्य काम. आजींची आणि आबांची रोजची औषधं. पूर्वी महिन्याचं आणायचे आणि शेवटच्या दोन गोळ्या उरल्या की दुकान गाठायचे. आम्ही नियम बदलला: पंधरा दिवसांचं औषध उरलं की पुढचं आणायचं. म्हणजे कुठल्याही दिवशी घर सोडावं लागलं तरी हातात किमान पंधरा दिवस असतात. वेगळं असं काही विकत घ्यायचं नाही, फक्त एकदाच अर्ध्या महिन्याचे पैसे आगाऊ पडतात. जुनी पट्टी पुढे, नवी मागे, हे आम्ही दुकानात करतो तेच. "पुरासाठी" म्हणून वेगळं पाकीट बांधून माळ्यावर ठेवलं की तीन वर्षांनी त्याची मुदत संपलेली असते.

आजींना बीपीसाठी टेल्मिसार्टन होती. मुलीने पुण्याहून आठवड्याचे खण असलेली गोळ्यांची डबी आणून दिली होती आणि सूनबाई रविवारी त्यात सात गोळ्या काढून ठेवायच्या. त्यांनी डबी उघडून दाखवली. शनिवारच्या खणातली गोळी चिकट झालेली, कडेला फुगलेली. ही गोळी हवेतली ओल ओढते, पट्टीतून काढली की लगेच घ्यायची असते. पावसाळी हवेत तर तिला बिघडायला दोन दिवसही पुरतात. डबी वाईट नाही, पण या गोळीला ती चालत नाही. खणात गोळीऐवजी पट्टीचाच तुकडा कापून ठेवायचा, नावासकट.

इन्सुलिन हा या घरातला सगळ्यात नाजूक माल. पूर आला की आधी लाईट जाते आणि फ्रिजचा उपयोग संपतो. लोकांचा समज असा की फ्रिज बंद म्हणजे इन्सुलिन वाया. तसं नाही. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची, पण वापरात असलेली बाटली 30 अंशांच्या आत, उन्हापासून लांब ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. आपल्याकडच्या पावसाळ्यात घरात तेवढंच तापमान असतं. त्याहून गार हवं असेल तर दोन मडकी: मोठ्यात छोटं, मधल्या जागेत ओली वाळू, छोट्या मडक्यात बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर ओलं फडकं. बर्फाला मात्र टेकवायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी कामातून गेलेलं असतं, आणि ते बघून ओळखता येईलच असंही नाही.

याहून मोठा धोका सिरिंजचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा 40 युनिटचं, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन बहुधा 100 युनिटचं. एरवी आजींना बाटली आणि लाल टोपण एवढंच माहीत. पण पुरात मदत म्हणून कुणी पेनची काडतुसं वाटतो आणि कुणी त्यातून लाल टोपणाच्या सिरिंजने ओढून घेतो. खूण तीच, 20 ची, पण शरीरात जातं 50 युनिट. अशा चुकीने माणूस झोपेतच जाऊ शकतो. म्हणून डब्यात बाटली आणि तिच्या सिरिंजा एकाच पिशवीत, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात "40". दुसरं इन्सुलिन कुणी दिलं तर डॉक्टरांनी बघितल्याशिवाय टोचायचं नाही.

आबांसाठी एक पुडी वेगळी झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा "सात रुपयांत जीव वाचवा" म्हणून हार्ट अटॅकसाठीचं तीन गोळ्यांचं किट फिरत होतं आणि मुलाने ते घरातल्या प्रत्येकासाठी मागितलं. मी दिलं नाही. त्यातली जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बीपी पाडते, आधीच बीपी खाली असेल तर माणूस उभ्याउभ्या कोसळतो. अ‍ॅस्पिरिन हार्ट अटॅकमध्ये चावून खाल्ली तर उपयोगाची, पण तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, म्हणजे मेंदूत रक्तस्रावाची शक्यता असली तर तीच घात करते. आबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आबांपुरतं लिहून दिलं: छातीत दाब आला तर बसवा, अ‍ॅस्पिरिन 325 ची एक चावून, सॉर्बिट्रेट 5 ची एक जिभेखाली, आणि लगेच 108. पुडीवर आबांचंच नाव. घरातल्या बाकी कुणासाठी नाही.

बाकीचं सामान पटकन झालं. ओआरएसची मोठी पाकिटं, आणि मुलीसाठी झिंकच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या, जुलाबात चौदा दिवस द्यायच्या. दोन्ही आशाताईंकडे मिळतात. पाकिटाबाबत एवढंच बजावलं की मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पेलाभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होऊन मूल आणखी बिघडतं. टेट्रापॅकमधलं गोड "ओआरएस" नको. त्या पेयांवर ओआरएस शब्द छापायला पुढे 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केलीच. सूनबाईंना ओआरएस म्हणजे गरिबाचं औषध वाटायचं, खरा इलाज सलाईन. त्यांना मी डॉ. दिलीप महालनबीस यांची गोष्ट सांगितली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजायला लावलं आणि तीसच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

बीटाडीनची बाटली, गॉझ, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, कात्री, डिजिटल थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सची घट्ट झाकणाची बाटली, ग्लुकोजची पावडर, क्लोरीनच्या गोळ्या. भाजल्यावर लावायचं मलम त्यांनी मागितलं. दिलं, पण आधी वीस मिनिटं वाहतं पाणी आणि कोलगेट नाही, हे तीनदा वदवून घेतलं. डॉक्सीसायक्लिन मागितली ती दिली नाही. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना लेप्टोसाठी ती आरोग्य खात्याचे लोक बघून देतात, गरोदर बाईला आणि लहान मुलाला ती चालत नाही. पट्टीवर लाल उभी रेघ असलेलं कुठलंच औषध "असू दे" म्हणून भरायचं नाही. सापाच्या लसीची चौकशीही झाली, पुराच्या पाण्यातून साप घरात येतात म्हणून ती रास्तच होती. पण हाफकिनची असो की आणखी कुणाची, ती लस शिरेतून, डॉक्टरसमोरच द्यायची. डब्यात तिच्या जागी कागद गेला: लस असणारं जवळचं ग्रामीण रुग्णालय, रस्ता बंद असेल तर दुसरं, आणि "बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही."

डबा बदलून एअरटाइट झाकणाचा, कडी असलेला प्लॅस्टिकचा घेतला. झाकणाच्या आत प्रत्येकाचं नाव, वजन, आजार, औषधाचं मूळ नाव आणि डोस. चिठ्ठ्यांचे फोटो पुण्याच्या मुलीच्या फोनमध्ये. आणि एक चाळीस पानी वही, काय वापरलं ते लिहायला. वहीची कल्पना सूनबाईंचीच.

जुलैच्या शेवटी पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. मुलगा म्हशी घेऊन आधी गेला, बाकीचे टेम्पोतून जयसिंगपूरच्या बाजूला एका शाळेतल्या निवारा केंद्रात. पुढचं सगळं मी त्या वहीवरून सांगतो आहे.

पहिलीच नोंद सगळ्यात गंभीर. सकाळी आजींनी नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं, आणि निघायच्या गडबडीत भाकरी राहिली. टेम्पोत त्या म्हणाल्या, "घाम का सुटलाय बघ गं, हात कापाय लागलेत." आबांना वाटलं भीतीने. सूनबाईंनी मांडीवर डबा घेतला, बोटाला टोचलं, आकडा आला 58. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली. तीन चमचे ग्लुकोज अर्धा पेला पाण्यात, हळूहळू. पंधरा मिनिटांनी परत टोचलं, 84. मग पार्ले बिस्किटं, आणि केंद्रावर पोचल्यावर भात. वहीत पुढे लिहिलंय: "स्थलांतराच्या दिवशी ताट समोर आल्यावरच सुई." हे मी सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण अंथरुणापासून टेम्पोपर्यंतच्या धांदलीचा नियम त्या धांदलीत गेलेल्या माणसालाच नीट लिहिता येतो.

दुसऱ्या दिवशी नातीला जुलाब. ओआरएस, झिंक, आणि दर तीन तासांनी लघवी झाली का याची नोंद. तिसऱ्या दिवशी मुलाच्या पायाला पत्रा लागला. साबण-पाण्याने जखम धुतली, बीटाडीन, गॉझ, आणि केंद्रावरच्या पथकाकडून धनुर्वाताचं इंजेक्शन. आठवडाभरात मलमाला, क्रेप बँडेजला, आबांच्या पुडीला हात लागला नाही. रोजच्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकल्या नाहीत.

एक अडचण कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. सूनबाई दिवसभर नातीपाशी अडकल्या, म्हणून आबांनी आजींची सिरिंज भरायला घेतली, आणि चष्मा घरी. खूण दिसेना. शेवटी शेजारच्या पोराने भरून दिली. आता डब्यात जुन्या नंबरचा का होईना, एक चष्मा असतो.

आणि एक नोंद अर्धवट आहे, तिचा बाकीचा भाग त्यांनी तोंडी सांगितला. गल्लीतल्या काकू त्याच वर्गखोलीत होत्या. त्यांच्या गोळ्या राहिल्या होत्या. "माझी बी अशीच पांढरी असती. दे की एक, काय हुतंय?" सूनबाई म्हणाल्या, "काकू, रंग बघून देता येत नाही. डॉक्टर हितंच आहेत, चला, मी येते संगट." काकू गेल्या नाहीत, रुसल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी केंद्रावरच्या डॉक्टरांनी फेरीत त्यांचं बीपी मोजलं, त्यांच्या मुलाला फोन करून जुन्या चिठ्ठीचा फोटो मागवला. काकूंची गोळी दम्याच्या माणसाला न चालणाऱ्या जातीतली होती आणि काकूंना दमा नव्हता, त्यामुळे त्यांना ती बरोबरच होती. आजींची टेल्मिसार्टन तिच्या जागी एक-दोन दिवस घेतली असती तर कदाचित काही झालंही नसतं. पण त्यांची नेहमीची गोळी अचानक बंद पडली की नाडी धावायला लागते, आणि ते टेल्मिसार्टनने थांबलं नसतं. सूनबाईंना हे तेव्हा माहीत नव्हतं. त्यांचं उत्तर तरीही बरोबर होतं.

दरवर्षी मे महिन्यात हा डबा आता दुकानात येतो. 2025 च्या मे मध्ये आला तेव्हा आबांची एक गोळी डॉक्टरांनी मार्चमध्येच बंद केलेली होती. पट्टी डब्यातून गेली होती, झाकणाच्या आतल्या कागदावर मात्र तिचं नाव तसंच होतं. कागद खरवडून काढला, नवा चिकटवला आणि त्यावर तारीख घातली. म्हशींची सिरिंज या वेळी नव्हती. काकूंनीही स्वतःचा डबा पाठवला होता, सूनबाईंच्याच हातून.